आजोबांच्या पेटीतले लढाईचे पदक कसे वाचावे : बेळगाव सीमाभागातील घरांसाठी मार्गदर्शक

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि शेजारच्या चंदगड-गडहिंग्लज पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत माणसे देणारी घरे पुष्कळ आहेत. अशा घरात माळ्यावरची काळी लोखंडी ट्रंक कधीतरी उघडली जाते आणि तळाशी जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेला एक ‘बिल्ला’ हाती लागतो. त्यावर इंग्लंडच्या राजाचे डोके किंवा मुकुट असतो, फीत विरलेली असते, आणि घरात कोणालाही त्याविषयी नक्की काही सांगता येत नाही. ‘पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले होते’ किंवा ‘आजोबा इटलीत होते’ एवढेच एक वाक्य पिढीमागून पिढी चालत आलेले असते. असे पदक ज्यांच्या हाती पहिल्यांदाच आले आहे आणि ज्यांना सैन्याच्या कागदपत्रांची काहीच माहिती नाही, अशा वाचकांसाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. घरोघरी सापडणारी बहुतेक पदके शौर्यपदके नसून मोहिमेची, म्हणजे युद्धसेवेची पदके असतात. ठरलेल्या काळात, ठरलेल्या रणभूमीवर जो सैनिक हजर होता त्या प्रत्येकाला ती मिळाली. हे ऐकून काही घरांत हिरमोड होतो, पण तसे वाटण्याचे काहीच कारण नाही. मोहिमेच्या पदकामागे तारखा आणि प्रदेश काटेकोरपणे ठरवलेले असल्यामुळे ते शौर्यपदकापेक्षा अधिक तपशील सांगू शकते. आपला माणूस कोणत्या वर्षी, कोणत्या समुद्रापलीकडे होता आणि कुठे नव्हता, हे नीट वाचले तर त्या धातूच्या तुकड्यावरून कळते. म्हणून पदकाकडे शोभेची वस्तू म्हणून न पाहता एक दस्तऐवज म्हणून पाहावे आणि पुढच्या पायऱ्या क्रमानेच घ्याव्यात.

पहिली पायरी : काहीही घासू नये

पदक सापडल्यावर घरातला पहिला हात चिंचेकडे, राखेकडे किंवा पितळ चमकवण्याच्या पॉलिशकडे जातो. तो तिथेच थांबवावा. माझ्या पणजोबांचे विजय-पदक आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या भांड्यांबरोबर दर दिवाळीला चिंचेने घासले जात होते, आणि त्यामागे केवळ आदरच होता. मी ते प्रथम भिंगाखाली धरले तेव्हा कडेवरच्या मजकुरापैकी पलटणीचा आकडा आणि नावाची शेवटची चार अक्षरे एवढेच उरले होते. नंबरच्या, म्हणजे सैनिकाच्या क्रमांकाच्या, जागी गुळगुळीत कड होती. पदकाच्या कडेवरची अक्षरे केसाएवढ्या खोलीची असतात आणि प्रत्येक घासणीत ती थोडी थोडी निघून जातात. एकदा गेलेला नंबर कोणत्याही कार्यालयातून परत मिळवणे अत्यंत अवघड असते, कारण शोधाची सगळी भिस्त त्या नंबरावरच असते.

त्यामुळे सुरुवातीला इतकेच करावे : हात धुऊन कोरडे करावेत, पदक दोन बोटांत कडेने न धरता वरच्या दांडीला किंवा कडीला धरावे, मऊ सुती कापडाने धूळ टिपावी आणि मोबाइलवर पुढची बाजू, मागची बाजू, संपूर्ण कड, फीत व टाचणी यांची छायाचित्रे घ्यावीत. कड वाचण्यासाठी खिडकीजवळचा तिरपा उजेड उत्तम असतो. तो पुरेसा नसेल तर खोली अंधारी करून टॉर्च बाजूने, जवळजवळ कडेला समांतर धरावा, म्हणजे पुसट अक्षरांची सावली पडते आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारी अक्षरेही छायाचित्रात उमटतात.

दुसरी पायरी : पदकाबरोबरचे सगळे गोळा करावे

पदक एकटे क्वचितच असते. त्याच ट्रंकेत डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे बुक, जंगी इनामाचा हुकूम, एखादे पोस्टकार्ड, बंदुकीच्या पट्ट्याचा पितळी बक्कल, गटातला फोटो असे काही ना काही असते. फोटोच्या मागे छायाचित्रकाराचा शिक्का असतो आणि त्यावर शहराचे नाव असते. मोडीतला कागद ‘वाचता येत नाही’ म्हणून बाजूला टाकू नये. मोडी वाचणारी माणसे बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीकडे आहेत. ताम्रवर्णी ओक-पानाचा नखाएवढा तुकडा सापडला तर तो विशेष जपावा, कारण तो फितीवर लावला जात असे आणि युद्ध-अहवालात त्या सैनिकाचा नावाने उल्लेख झाल्याची ती खूण असते.

पहिल्या महायुद्धात जो परत आला नाही त्याच्या घरी सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची जाड काशाची तबकडीही आलेली असते. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली स्त्री आणि सिंह असतात, आणि चौकटीत मृताचे फक्त नाव असते, हुद्दा नसतो. मृत्यूत सगळे समान, या विचाराने हुद्दा मुद्दाम गाळलेला होता. खानापूर भागातल्या एका घरात मी ही तबकडी पाण्याच्या घागरीवर झाकण म्हणून ठेवलेली पाहिली. घरातल्या वृद्ध आजींना ती ‘बसऱ्याहून आलेली ताटली’ म्हणून ठाऊक होती, आणि ती कोणाच्या नावाची आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाचून दाखवले गेले.

याच वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून घ्यावे आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवावेत. ‘बसरा’ या एका शब्दात आजचा सगळा इराक येतो, ‘मिसर’ म्हणजे इजिप्त, ‘ब्रह्मदेश’ आणि ‘रंगून’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. सांगणाऱ्याला दुरुस्त करत बसू नये. त्यांनी वापरलेला शब्द नंतर पदकाशी ताडून पाहता येतो.

तिसरी पायरी : पहिले महायुद्ध की दुसरे

हे ओळखणे सर्वांत सोपे आहे. राजाच्या डोक्याभोवती लॅटिन अक्षरांत ‘जॉर्जियस’ असे नाव असते. त्यापुढे रोमन आकडा पाच असेल तर पहिले महायुद्ध आणि सहा असेल तर दुसरे, असे ढोबळमानाने धरावे. तारा असेल तर त्याची टोके मोजावीत. पहिल्या महायुद्धाच्या ताऱ्याला चार टोके असून त्यावर दोन तलवारी एकमेकींना छेदतात. दुसऱ्या महायुद्धाच्या ताऱ्याला सहा टोके असतात आणि मध्यभागी मुकुटाखाली राजाची आद्याक्षरे असून भोवतीच्या कड्यात ताऱ्याचे नाव लिहिलेले असते. फितीच्या रंगावर मात्र निष्कर्ष काढू नये. मुलांच्या खेळात, नाटकातल्या वेशात, नव्या फ्रेममध्ये बसवताना फिती अदलाबदल झालेल्या असतात. धातू खरे सांगतो.

पहिल्या महायुद्धाची पदके

यात प्रामुख्याने तीन वस्तू भेटतात. चार टोकांचा काशाचा तारा, चांदीचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ आणि काशाचे ‘व्हिक्टरी मेडल’.

ताऱ्यावर ‘१९१४’ आणि त्याच्या वर-खाली ‘ऑगस्ट’ व ‘नोव्हेंबर’ असे असेल तर तो ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये असलेल्यांनाच मिळाला. आपल्या भागात हा तारा विरळा आहे, कारण मराठा पलटणी त्या पहिल्या तुकड्यांत फ्रान्सला गेल्या नव्हत्या. तो सापडला तर खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सकडे, म्हणजे सैन्याच्या अभियांत्रिकी दलाकडे, प्रथम पाहावे. त्या दलाच्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यूव्ह शापेलच्या लढाईत होत्या आणि त्यांत मराठे होते. ताऱ्यावर ‘१९१४-१५’ असेल तर तो माणूस ३१ डिसेंबर १९१५ पूर्वी कोणत्या तरी मान्य रणभूमीवर पोहोचला होता.

येथे एक तर्क अत्यंत उपयोगी पडतो. मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कुत-अल-अमाराचा वेढा ७ डिसेंबर १९१५ रोजी सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. वेढ्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. वेढा पडल्यानंतर बाहेरून कोणी आत जाऊ शकत नव्हते, म्हणून कुतमध्ये अडकलेला प्रत्येक शिपाई डिसेंबर १९१५ संपण्यापूर्वी रणभूमीवर होताच आणि १९१४-१५ च्या ताऱ्याचा हक्कदार होता. घरात ‘पणजोबा तुर्कांच्या कैदेत होते’ अशी गोष्ट असेल आणि हा तारा हाती असेल, तर दोन्ही एकमेकांना दुजोरा देतात. उलट नुसती दोनच पदके असतील, तारा कधीच नव्हता हे नक्की असेल, तर तो माणूस १९१६ किंवा त्यानंतर समुद्रापार गेला असे समजावे आणि कुतची गोष्ट पुन्हा तपासावी. ती बहुधा त्याच्या भावाची किंवा चुलत्याची असते.

ब्रिटिश वॉर मेडल ३६ मिलिमीटर व्यासाचे असून त्याला वर सरळ आडवी दांडी असते. मागे घोड्यावर बसलेला नग्न पुरुष दिसतो. फीत मधोमध नारिंगी आणि कडेला पांढरी, काळी, निळी असते. चांदीचे असल्याने हेच पदक घरांतून सर्वाधिक संख्येने नाहीसे झाले. दुष्काळात, लग्नात, दवाखान्याच्या खर्चासाठी ते सराफाकडे गेले आणि वजनाने विकले गेले. काही घरांत दांडी कापून, कडी झाळून ते मुलाच्या गळ्यात घातले गेले. दांडी नसलेले, वर नवी कडी असलेले पदक दिसले तर ते खोटे समजू नये. हेच पदक काशाचेही असते आणि तेही अस्सल आहे. भिस्ती, स्वयंपाकी, हमाल, मजूर पथकातील माणसे यांना ते काशात दिले गेले. माझ्या मते असे काशाचे पदक अधिक जपले पाहिजे, कारण या माणसांविषयी इतर कागद फारच थोडे उरलेले आहेत आणि त्यांच्या घरच्यांनाही ‘आमचे पणजोबा लढाईत नव्हते, नुसते पाणी वाहत होते’ असे म्हणण्याची सवय लागली आहे.

व्हिक्टरी मेडलवर पंख असलेली स्त्री असते, वर दांडीऐवजी कडी असते आणि फीत दोन इंद्रधनुष्ये जोडल्यासारखी असते. मागे १९१४-१९१९ ही वर्षे असतात.

दुसऱ्या महायुद्धाची पदके

येथे तारे अनेक आहेत आणि त्यांची नावेच त्यांच्यावर लिहिलेली आहेत, म्हणून ओळखणे सोपे. अर्थ लावणे मात्र काळजीचे काम आहे.

‘१९३९-४५ स्टार’ हा सर्वसाधारण तारा असून तो प्रत्यक्ष मोहिमेवरील सेवेसाठी आहे. फीत गडद निळी, तांबडी आणि फिकट निळी अशा तीन समान पट्ट्यांची असते. त्याच्या जोडीला जो तारा असेल तो रणभूमी सांगतो. ‘आफ्रिका स्टार’ १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळातील उत्तर आफ्रिकेसाठी आहे, आणि इरिट्रिया व ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया) यांचाही त्यात समावेश होता. २७ मार्च १९४१ रोजी पडलेल्या इरिट्रियातील केरेनच्या डोंगराळ लढाईत मराठा पलटणी होत्या, त्यामुळे ‘आफ्रिकेत वाळवंटच असणार’ असे गृहीत धरू नये. आजोबा डोंगर चढल्याच्या गोष्टी सांगत असतील तर त्या खऱ्या असू शकतात. फितीवर ‘८’ आकड्याची किंवा ‘आठवी आर्मी’ अशी पट्टी असेल तर ऑक्टोबर १९४२ नंतरची सेवा समजावी.

‘इटली स्टार’ ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळासाठी आहे. फितीचे रंग तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा. याच मोहिमेत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजीच्या पराक्रमासाठी नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि सेनिओ नदीवरील ९ एप्रिल १९४५ रोजीच्या पराक्रमासाठी शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदक मिळाले. दोघेही मराठा पलटणीतले. आपल्या घरातला इटली स्टार हा त्यांच्या शेजारच्या खंदकातल्या माणसाचा असू शकतो, आणि ते ठरवण्याचे साधन म्हणजे बटालियनचा आकडा.

‘बर्मा स्टार’विषयी सर्वांत जास्त गैरसमज आहे. ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातील ब्रह्मदेशाच्या मोहिमेसाठी तो असला तरी ठरावीक काळात आसाम-बंगालच्या सरहद्दीवरील मोहिमेच्या सेवेलाही तो दिला गेला. मार्च १९४४ मध्ये पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी बटालियन सांगशाकला लढली, ते ठिकाण मणिपुरात आहे. म्हणून बर्मा स्टार आहे एवढ्यावरून माणूस सीमा ओलांडून ब्रह्मदेशात गेलाच, असे लिहू नये. ‘पॅसिफिक स्टार’ मलाया, सिंगापूर, हाँगकाँगसाठी आहे. ‘आजोबा सिंगापूरला पकडले गेले’ अशी गोष्ट असेल तर हाच तारा शोधावा.

तारे नसलेली तीन गोल पदकेही असतात. ‘वॉर मेडल १९३९-४५’ च्या मागे दोन डोक्यांच्या राक्षसी प्राण्यावर उभा असलेला सिंह आहे, आणि ते २८ दिवसांची सेवा झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला मिळाले. ‘डिफेन्स मेडल’ घरापासून दूरच्या, पण प्रत्यक्ष लढाई नसलेल्या ठिकाणच्या सेवेसाठी होते. ‘इंडिया सर्व्हिस मेडल’च्या मागे भारताचा नकाशा आहे आणि ते देशांतर्गत तीन वर्षांच्या सेवेसाठी होते. यावरून एक कटू पण आवश्यक निष्कर्ष निघतो : घरात फक्त वॉर मेडल आणि नकाशाचे पदक असेल, एकही तारा नसेल, तर तो सैनिक बहुधा परदेशी मोहिमेवर गेलेला नाही. घरच्या गोष्टीत ‘इटली’ असली तरी कुटुंबाच्या नोंदीत ती पदकाच्या आधारावर लिहू नये.

भगवी, पांढरी, हिरवी फीत आणि अशोकचक्र असलेले पदक सोबत असेल तर तो सैनिक १५ ऑगस्ट १९४७ रोजी सेवेत होता असे समजावे. स्वातंत्र्यानंतरच्या परदेशी सेवेसाठी १९६० साली ‘विदेश सेवा मेडल’ सुरू झाले, आणि श्रीलंकेतील शांतिसेनेच्या जवानांना ‘विशेष सेवा मेडल’ श्रीलंकेच्या पट्टीसह मिळाले. यांची कागदपत्रे अलीकडची असल्यामुळे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड कार्यालयाकडे थेट विचारणा करणे हेच बरे.

चौथी पायरी : कड आणि पाठ वाचणे

गोल पदकाची माहिती कडेवर आणि ताऱ्याची त्याच्या सपाट पाठीवर ठोकलेली असते. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सैनिकांचे तारे कोरेच दिले गेले, परंतु भारतीय सैनिकांच्या ताऱ्यांवर नंबर, हुद्दा, नाव आणि दल ठोकलेले असते. हे आपले मोठे भाग्य आहे. कोरा तारा सापडला तर तो नंतर कोठून तरी घेतलेला असण्याची शक्यता ध्यानात ठेवावी आणि केवळ त्याच्या आधारे काही सिद्ध करू नये.

क्रम बहुधा ठरलेला असतो : आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटण. हुद्दे संक्षिप्त असतात. शिपाई, लान्सनाईक, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार हे शब्द इंग्रजी अक्षरांत अर्धेमुर्धे लिहिलेले दिसतील. जमादार म्हणजे त्या काळचा अधिकारी वर्गातला हुद्दा, आजचा नायब सुभेदार, हे लक्षात न घेतल्यामुळे काही घरांत आपल्याच माणसाचा दर्जा कमी सांगितला जातो.

पलटणीचा आकडा समजून घेण्यासाठी १९२२ हे वर्ष पाठ करावे. त्या वर्षी जुन्या स्वतंत्र पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट झाली. जुनी १०३ वी तिची पहिली बटालियन झाली, हीच ‘जंगी पलटण’. १०५ वी दुसरी झाली, ती ‘काली पाँचवी’. ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी, आणि ११४ वी दहावी म्हणजे प्रशिक्षण बटालियन होऊन बेळगावला स्थिरावली. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या पदकावर शंभराच्या वरचा आकडा असेल आणि दुसऱ्या महायुद्धाच्या पदकावर नुसता पाचाचा, तर घोटाळा झालेला नाही. एकाच वंशातल्या दोन नावांची ती नोंद आहे. माझ्या पणजोबांच्या कडेवर उरलेला आकडा ११४ होता, आणि ज्या पलटणीची वारसदार तुकडी आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर वर्षानुवर्षे कवायत करत होती, तिच्याविषयी घरात कोणाला एक अक्षरही ठाऊक नव्हते.

पाचवी पायरी : गावाचे आणि नावाचे जुने स्पेलिंग

शोध इथे सर्वाधिक अडतो, आणि याचे कारण सीमाभागाच्या इतिहासात आहे. सैन्याच्या जुन्या कागदांत जिल्हा ‘बेळगाम’ या इंग्रजी वळणाने आणि प्रांत ‘बॉम्बे’ असा असतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, त्यामुळे आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेल्या गावचा सैनिकही जुन्या नोंदीत बेळगावचाच सापडेल. याच्या उलट, बेळगाव शहराला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते आणि रायबाग कोल्हापूर संस्थानात. म्हणून शहापूरच्या पणजोबांची नोंद बेळगावखाली मिळाली नाही तर निराश न होता सांगली संस्थान म्हणून शोधावे. २०१४ पासून रूढ झालेले ‘बेळगावी’ हे अधिकृत स्पेलिंग जुन्या नोंदीत मिळणारच नाही.

रेजिमेंटचे नावही जुन्या वळणाने, म्हणजे ‘मा’ नंतर ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’ घालून शोधावे. आडनावांत ‘जाधव’चे ‘जाधो’, ‘पाटील’चे ‘पटेल’ झालेले असते, आणि पुष्कळदा आडनाव नसून फक्त स्वतःचे व वडिलांचे नाव असते. एका गावात चार ‘मारुती रामा’ सहज निघतात. त्यामुळे नावापेक्षा नंबरावर विसंबावे, आणि नंबर पुसला असेल तर नाव, वडिलांचे नाव, गाव व पलटण या चारपैकी किमान तीन गोष्टी जुळल्याशिवाय ‘हाच तो’ असे म्हणू नये.

सहावी पायरी : कुठे विचारावे

सैनिक युद्धात मरण पावला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळापासून सुरुवात करावी. शोध विनामूल्य आहे. नंबर, नाव, दल यांखेरीज ‘अतिरिक्त माहिती’ असा रकाना असतो आणि त्यात वडिलांचे नाव व गाव अनेकदा असते. तिथे फक्त जिल्ह्याचे जुने स्पेलिंग टाकले तरी आपल्या पंचक्रोशीतली नावे समोर येतात. मेसोपोटेमियात मरण पावलेल्यांचे स्मरण बसरा स्मारकात आहे. तिथल्या भिंतीवर सर्वसाधारण भारतीय शिपायांची नावे कोरलेली नाहीत, फक्त पलटणवार संख्या आहेत. नावे नोंदवहीत आहेत, म्हणून भिंतीच्या छायाचित्रात नाव सापडले नाही तर शोध सोडू नये. कैदेत असलेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचा १९१४-१९१८ चा युद्धकैद्यांचा संग्रह ऑनलाइन आहे.

सैनिक जिवंत परत आला आणि पेन्शनीत गेला असेल तर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगाव येथील रेकॉर्ड कार्यालयाकडे अर्ज करावा. अर्ज इंग्रजीत, एका पानाचा असावा. त्यात नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका व तेव्हाचा जिल्हा, पलटण, पदकांची यादी, अर्जदाराचे नाते आणि काय हवे आहे हे स्पष्ट लिहावे. ‘सर्व माहिती द्यावी’ अशी मोघम मागणी करू नये. भरतीची तारीख, सेवेतील ठिकाणे, मिळालेली पदके आणि सेवानिवृत्तीची तारीख असे चार प्रश्न विचारावेत. सोबत पदकाच्या कडेचे छायाचित्र आणि नात्याचा पुरावा जोडावा. उत्तर न आल्यास माहिती अधिकार कायद्यानुसार दहा रुपये शुल्क भरून तोच अर्ज करता येतो. जुने कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात, त्यामुळे ‘नोंद उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर त्याचा अर्थ माणूस सेवेत नव्हता असा होत नाही. ते पत्रही फाइलला लावून ठेवावे.

माणूस मराठा रेजिमेंटचाच असेल असेही नाही. सॅपर्सचा असेल तर खडकी, सप्लाय किंवा वाहतुकीच्या दलातला असेल तर त्या त्या दलाचे रेकॉर्ड कार्यालय. हे ठरवण्यासाठीच कडेवरचे शेवटचे शब्द नीट वाचणे महत्त्वाचे. जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय योग्य पत्ता मिळवून देऊ शकते. बेळगाव जिल्ह्यातल्यांनी कर्नाटकच्या आणि चंदगड-गडहिंग्लजच्या लोकांनी महाराष्ट्राच्या कार्यालयाकडे जावे. गावच्या चावडीत, शाळेत किंवा देवळाच्या भिंतीत ‘या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके कामी आले’ अशी संगमरवरी पाटी असेल तर तिचेही छायाचित्र घ्यावे. अनेक गावांत ती चुन्याखाली दडलेली असते.

सातवी पायरी : सांभाळणे

आपल्याकडचा पाऊस, विशेषतः खानापूरच्या बाजूचा, पदकापेक्षा फितीला अधिक घातक आहे. प्लास्टिकच्या अल्बममध्ये किंवा रबरबँड लावून ठेवू नये. धुतलेल्या कोऱ्या सुती कापडात प्रत्येक पदक वेगळे गुंडाळावे, पत्र्याच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावे आणि पावसाळ्याआधी व नंतर एकदा उघडून पाहावे. फीत धुऊ नये, इस्त्री करू नये. जीर्ण झाली असेल तर ती काढून कागदात सपाट ठेवावी आणि समारंभासाठी नवी लावावी. टाचणीची भोके असलेली मूळ फीतच खरी मौल्यवान असते. भिंतीवर लावायची हौस असेल तर छायाचित्रांची फ्रेम करावी.

समारंभात दिवंगत सैनिकाचे पदक जवळच्या नातेवाइकाने छातीच्या उजव्या बाजूला लावण्याची रीत आहे. डावी बाजू ज्याने ते स्वतः मिळवले त्याचीच. पदक विकत घ्यायला कोणी ‘जुन्या नाण्यांचा व्यापारी’ म्हणून घरी आले तर लगेच किंमत विचारू नये. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परवान्याविना देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याचे निर्बंध आहेत, आणि नावाचे पदक एकदा बाहेर गेले की त्या नावाच्या घरी ते परतणे जवळजवळ अशक्य असते. भावांत वाटणी करायची वेळ आली तर पदके वेगळी न करता संच एकाच घरी ठेवावा आणि बाकीच्यांनी छायाचित्रे घ्यावीत, कारण तीन ताऱ्यांतून मिळणारा प्रवासाचा क्रम एकेका ताऱ्यातून मिळत नाही.

शेवटी एक जाड कागद घ्यावा. त्यावर पदकाचे नाव, कडेवरचा मजकूर अक्षर न बदलता, पुसट अक्षराच्या जागी आडवी रेघ, सैनिकाचे नाव, नाते, गाव, कोणी काय सांगितले आणि कोणत्या तारखेला, हे शाईने मराठीत लिहावे. सांगोवांगी आणि पदकावरून ठरलेले असे दोन भाग वेगळे ठेवावेत. एक प्रत डब्यात पदकाखाली ठेवावी आणि दुसरी घरातल्या सर्वांत तरुण माणसाच्या हाती द्यावी.